ओटीटीचा दर वाढला? पैसे भरण्याआधी हे तपासा

दरवाढ नेहमी आकड्यातच दिसते असे नाही. प्लॅनची किंमत तीच ठेवायची, त्यात जाहिराती घालायच्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे मागायचे. अमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत हेच केले. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये घराबाहेरच्यांना पासवर्ड वापरू देणे बंद केले आणि अनेक देशांत ‘जादा सदस्या’ची वेगळी आकारणी सुरू केली. म्हणून नवा दर कळवणारी मेल आली की जाहिराती, एका वेळी चालणाऱ्या स्क्रीनची संख्या आणि रिझोल्यूशन (चित्राची स्पष्टता, म्हणजे एचडी की त्याहून वरचे फोर-के) या तिन्हींत काय बदलले ते आधी वाचा.

फोर-केचे पैसे भरता, पण फोर-के दिसते का?

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. टीव्ही फोर-के असून भागत नाही. वेगळा बॉक्स किंवा स्टिक लावली असेल तर तीही फोर-केची हवी आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला ती जोडली आहे तो एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा-पद्धत) चालणारा हवा. मध्ये जुना साउंडबार किंवा रिसीव्हर असला तर बहुतेक वेळा तिथेच घोडे अडते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. तो राउटरजवळ नव्हे, टीव्हीपाशी मोजा. यातले एक जरी कमी पडले तरी ॲप तक्रार करत नाही, गुपचूप कमी दर्जाचे चित्र दाखवते. स्वस्त अँड्रॉइड बॉक्स आणि काही फोन यांना वाइडवाइन या गूगलच्या नक्कल-रोधक पद्धतीतले एल-३, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीचे, एवढेच प्रमाणन असते. त्यांवर बहुतेक सेवा एचडीसुद्धा देत नाहीत, मग प्लॅन कितीही महाग घ्या. अशा वेळी खालचा प्लॅन घेतलेला बरा. नेटफ्लिक्सवर वरचा प्लॅन लगेच लागू होतो, खालचा मात्र पुढच्या बिलापासून.

बंद करताना

ॲप काढून टाकले म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झाले असे नाही. ते जिथून घेतले तिथूनच बंद करावे लागते: सेवेच्या वेबसाइटवर, गूगल प्लेमध्ये, ॲपलच्या सेटिंगमध्ये किंवा पॅक देणाऱ्या मोबाइल वा इंटरनेट कंपनीकडे. ॲपलकडून घेतले असेल तर नूतनीकरणाच्या निदान २४ तास आधी. कुठून घेतले ते आठवत नसेल तर कार्डाच्या स्टेटमेंटवर पैसे कोणाच्या नावे गेले ते पाहा. तिथेच दुहेरी आकारणीही सापडते: सेवा इंटरनेटच्या पॅकमध्ये असतेच, शिवाय दुसऱ्या ईमेलवरून थेट घेतलेलीही चालू राहते.

वार्षिक प्लॅन दहा महिन्यांच्या किमतीला मिळत असेल आणि तुम्ही सात महिनेच पाहणार असाल, तर महिन्याचाच घ्या आणि मधले महिने बंद ठेवा. बारा महिने पाहणाऱ्याने मात्र दरवाढ लागू होण्याआधी वार्षिक घ्यावा. भरलेल्या मुदतीत सहसा जुनाच दर राहतो. ऑटो-रिन्यू चालू असेल तर पुढच्या वर्षाचे पैसे नव्या दराने कापले जातात.