ताटातल्या मांसाचं वय

कोकराचं किंवा वासराचं मांस म्हटलं की मांस खाणारेही जरा थबकतात. इतक्या लहान जिवाला मारायचं? प्रश्न रास्त आहे, फक्त तो फार थोड्या जनावरांच्या वाट्याला येतो. आधुनिक पद्धतीनं पाळलेलं जवळपास प्रत्येक जनावर कोवळं असतानाच कापलं जातं. डुकराचं वय तेव्हा साधारण सहा महिने असतं, आणि डुक्कर पंधरा वर्षं जगू शकतं. वीस वर्षं जगू शकणारं वासरू पाचेक महिन्यांचं असताना कापलं, तर त्यानं आयुष्याचा दोन टक्के भाग पाहिलेला असतो. ब्रॉयलर कोंबडी कापली जाते पाच ते सात आठवड्यांची. कोंबडीचं आयुष्य सहा वर्षांचं धरलं, तर तिच्याही वाट्याला तेच दोन टक्के. ती दिसते पूर्ण वाढलेली, पण तिचा आवाज अजून पिल्लाचाच असतो.

हे वय ठरतं वाढीच्या आलेखावरून. लहान वयात खाल्लेलं बरंचसं अन्न स्नायू वाढवण्यात जातं. वय वाढेल तसं तेच अन्न शरीर चालू ठेवण्यात आणि चरबी साठवण्यात खर्च होऊ लागतं. ब्रॉयलरला किलोभर वजनासाठी दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरतं. आणखी काही आठवडे ठेवली तर पुढचा प्रत्येक किलो महाग पडत जातो. आलेख वाकायला लागला की गाडी बोलावली जाते.

मऊपणाचं कारण वेगळं. स्नायूंचे धागे बांधून ठेवणारं कोलॅजन कोवळ्या जनावरातही असतं, पण त्याच्या रेणूंमधले आडवे बंध तेव्हा कच्चे असतात आणि शिजवताना सहज सुटतात. वयाबरोबर ते उष्णतेलाही दाद देईनासे होतात. म्हणून म्हाताऱ्या जनावराचं मांस तासन्‌तास रटरटवावं लागतं.

वासराच्या मांसाचा फिका रंग मात्र निव्वळ वयामुळे येत नाही. रंग स्नायूंतल्या मायोग्लोबिन या लाल प्रथिनाचा, आणि मायोग्लोबिनला लोह लागतं. दुधात लोह अगदी थोडं. त्यामुळे वासराला महिनोन्‌महिने फक्त दुधावर किंवा दूधभुकटीच्या द्रावणावर ठेवलं की मांस फिकं राहतं, म्हणजे वासराला जाणूनबुजून रक्तक्षयाच्या काठावर ठेवलं जातं. चारा न मिळाल्यानं कोटीपोट, म्हणजे चार पोटांतलं चारा आंबवणारं मोठं पोट, नीट वाढत नाही आणि रवंथाची उपजत ओढ भागत नाही. असं वासरू जीभ बाहेर काढून तासन्‌तास हवेत वळवत राहतं. चौथ्या पोटात व्रण होतात ते वेगळेच. युरोपीय संघाच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या वासराला रोज किमान 50 ग्रॅम तंतुमय चारा द्यावा लागतो आणि विसाव्या आठवड्यापर्यंत तो 250 ग्रॅमवर न्यावा लागतो. पाच महिन्यांच्या वासराला पाव किलो, हे किमान म्हणूनही तुटपुंजंच. आठ आठवड्यांवरच्या वासरांना एकेकटं कोंडून ठेवण्यावर तिथे 2007 पासून बंदी आहे, थोडे अपवाद सोडले तर.

ही वासरं येतात कुठून? बहुतेक दुधाच्या गोठ्यातून. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि व्यायली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. दुधाच्या जातीचा गोऱ्हा मांसालाही फारसा भरत नाही, म्हणून तो कुठे काही दिवसांतच कापला जातो, तर कुठे काही महिने दुधावर वाढवून. वासराचं मांस वर्ज्य आणि दूध मात्र रोज, असा हिशेब मांडणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी प्रश्न थोडा हलका झाला आहे. बैलाच्या एक्स शुक्राणूत (यापासून कालवड होते) वाय शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. त्यावरून ते वेगळे काढता येतात आणि दहातल्या नऊ वेळा कालवड होते.

अंड्यांच्या धंद्यात हीच अडचण पिल्लांची. अंड्यांसाठीच्या जातीचा नर ना अंडी देतो ना झपाट्यानं भरतो. जगभरात वर्षाला अंदाजे सहाशे ते सातशे कोटी नर पिल्लं अंड्यातून निघाल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं 2022 पासून हे बंद केलं. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखतात, तेही तेराव्या दिवसाआधी, कारण तोवर गर्भाला वेदना जाणवत नाहीत असं संशोधन सांगतं.

पण खरी मेख ब्रॉयलरच्या शरीरातच आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957 आणि 1978 सालचे जपून ठेवलेले वाण आणि 2005 चा व्यापारी वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. 56 व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच, म्हणजे हा फरक निवड पैदाशीचा. छातीचा स्नायू फुगत जातो. पायाची हाडं, हृदय आणि फुप्फुसं मागे पडतात. हृदय थकलं की पोटात पाणी साचतं. पाय वाकले की पक्षी चार पावलं टाकून बसतो, तोल सावरायला पंख टेकतो. बसतो तो गादीवर, म्हणजे विष्ठा मिसळलेल्या तुसावर. पाण्याची निपलं गळत असली किंवा वायुवीजन कमी पडलं की गादी ओली होते, विष्ठेतल्या यूरिक आम्लापासून अमोनिया सुटतो आणि टेकलेल्या सांध्याची कातडी भाजते. सोललेल्या नव्हे, कातडीसकट विकलेल्या कोंबडीच्या तंगडीच्या खालच्या टोकाला काळपट तपकिरी डाग दिसला तर तो बहुधा याचाच.

या पक्ष्यांच्या आईबापांची गत आणखी विचित्र. अंडी घालायला त्यांना काही महिने जगावं लागतं, आणि पोटभर खाऊ दिलं तर तेवढं जगणंच अवघड. म्हणून वाढीच्या काळात त्यांना भुकेच्या निम्म्याहूनही कमी खाद्य देतात. पिलं खाऊन आजारी, आईबाप उपाशी, आणि दोन्ही एकाच जनुकांमुळे.

मग वयाला नैतिक वजन किती द्यायचं? एक बाजू म्हणते, जितकं लहान मारलं तितकं जास्त आयुष्य हिरावलं. दुसरी म्हणते, कोंबडी उद्याचे बेत करत नाही, म्हणून तिचं ‘पुढचं आयुष्य’ आपल्यासारखं मोजता येत नाही. मोजायचं ते तिनं भोगलेलं सुखदुःख. मला दुसरीत जास्त तथ्य वाटतं, पण तिनंही सुटका होत नाही. अंड्यांची कोंबडी 72 आठवडे किंवा जास्तच जगते, ब्रॉयलरच्या बारा पट. तिच्या छातीचं हाड मोडलेलं आढळणं सर्रास आहे. वाईट आयुष्य लांबवणं ही दया नव्हे. शिवाय संख्येचा प्रश्न उरतोच: मोठ्या बैलाकडून मिळणाऱ्या अडीचशे किलो मांसासाठी दीडशेहून जास्त ब्रॉयलर लागतात. बैलाची कीव येऊन कोंबडीकडे वळणारा माणूस एकाऐवजी दीडशे जीव निवडत असतो, आणि तेही बहुधा जास्त हालात वाढलेले.

विकत घेताना वय विचारलंत तर वजनही विचारा आणि भागाकार करा. 38 दिवसांत 2.4 किलो म्हणजे रोज 63 ग्रॅम. 50 च्या वरचा आकडा वेगवान वाणाचाच समजावा, मग वेष्टनावर हिरवं कुरण का छापलेलं असेना. फ्रान्सच्या ‘लेबल रूज’ या दर्जाचिन्हाच्या कोंबड्यांना किमान 81 दिवस वाढवावं लागतं. 2.2 किलोच्या अशा पक्ष्याचा भागाकार रोज 27 ग्रॅमवर येतो, आणि तो शेवटच्या दिवशीही आपल्या पायांवर चालत असतो.