विशीतच म्हाताऱ्या होणाऱ्या धमन्या

तिशी-पस्तिशीतला कुणी अटॅकने गेला की घरचे सांगतात, "काही त्रास नव्हता हो त्याला." ते खरेच असते. त्रास नसणे आणि धमन्या धड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते 1953 साली. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल विल्यम एनॉस आणि सहकाऱ्यांनी तेव्हा प्रसिद्ध केला. सरासरी वय 22च्या आसपास, सगळे लढाईवर जाण्याइतके धडधाकट. त्यांच्या हृदयाच्या धमन्या उघडून पाहिल्या, तर 77.3 टक्के जणांत नुसत्या डोळ्यांना दिसणारा बिघाड होता. कुठे आतला थर जाड झालेला, तर काहींची एखादी धमनी पार बंद.

मग प्रश्न आला, सुरुवात नेमकी कधी होते? अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी 1973पासून लहानमोठ्या मुलांचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजायला घेतले. पुढे यांतली काही मुले अपघातात वगैरे गेली. 2 ते 39 वयाच्या अशा 204 जणांच्या धमन्यांचा अहवाल 1998 साली आला. लठ्ठपणा, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी जितकी जास्त कारणे एकत्र, तितका आत चरबीचा थर जास्त पसरलेला. वाचताना पोटात कालवते, कारण यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाचे तरी गेलेले लेकरू.

पण ही झाली चरबी साचण्याची गोष्ट. धमन्यांचे म्हातारपण थोडे निराळे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, भिंतीत इलॅस्टिन नावाचे लवचिक तंतू असतात. ते झिजले की भिंत ताठरते आणि हृदयाच्या ठोक्याची लाट तिच्यातून जास्त वेगाने धावते. वेगाचे हे गणित मोन्स आणि कोर्टेवेग यांनी 1878 सालीच मांडले होते. आज मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर संवेदक ठेवून तो वेग मोजतात. सेकंदाला 10 मीटरच्या वर गेला तर काळजीचे मानतात. वयाच्या मानाने हा ताठरपणा लवकर येणे, याला 2008च्या सुमारास स्वीडनच्या पीटर निल्सन आणि सहकाऱ्यांनी 'अकाली धमनी-वार्धक्य' या अर्थाची संज्ञा दिली.

हे तंतू मुख्यतः गर्भात आणि बालपणीच तयार होतात, नंतर जवळजवळ नाहीच. म्हणून कमी वजनाच्या बाळांचा आणि पुढच्या हृदयविकाराचा संबंध डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमध्ये दाखवला, तेव्हा धमन्यांच्या अभ्यासकांचेही लक्ष आईच्या पोटाकडे वळले.

इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. अंगाने किडकिडीत, तरी कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. याज्ञिकांचा रोख मुख्यतः मधुमेहाकडे होता, पण मधुमेह धमन्यांना ताठर करतो, म्हणून हा धागा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ती बाळे आता तिशीच्या आसपास आहेत.