हंसाची पिल्लं नेताय? मग अँटिबॉडीच्या इंजेक्शनाबद्दल हे वाचा

खळ्याची राखण करावी ती हंसानेच. अनोळखी माणूस बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी आला की अख्ख्या वाडीला कळतं. म्हणून मे महिन्यात कुडाळ, वेंगुर्ल्याकडून आमच्या हॅचरीला (अंडी उबवून पिल्लं काढायच्या जागेला) फोन येऊ लागतात आणि हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पिल्लांना ते अँटिबॉडीचं इंजेक्शन दिलंय ना?”

हे इंजेक्शन हंसांच्या पार्वो या विषाणूच्या रोगासाठी असतं. अँटिबॉडी म्हणजे विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं. कुत्र्यांचा पार्वो तो वेगळा. हंसांमधला हा रोग १९५६ साली चीनमध्ये नोंदला गेला. पुढे हंगेरीच्या डेर्झी या पशुवैद्यकांनी त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला डेर्झीचा रोग असंही म्हणतात. हंसाच्या आणि मस्कोव्ही बदकाच्या पिल्लांना तो होतो, कोंबड्यांना किंवा माणसांना नाही. सगळा खेळ वयाचा. पहिल्या आठवड्यात लागण झाली तर अख्खी खेप जाऊ शकते. महिना-सव्वा महिना उलटला की पिल्लू सहसा आजारी पडत नाही.

म्हणजे सांभाळायचा तो पहिला महिना, आणि नेमकी तेव्हाच पिल्लाची स्वतःची ताकद तयार झालेली नसते. आईच्या अंगात अँटिबॉडी असतील तर त्या अंड्याच्या बलकातून पिल्लाला मिळतात. आई कोरी असेल तर पिल्लूही कोरं. अशा वेळी त्या बाहेरून टोचतात. रोगातून उठलेल्या किंवा मुद्दाम लस टोचलेल्या पक्ष्यांच्या रक्तातून, किंवा लस दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या बलकातून त्या काढलेल्या असतात.

पण ही उसनवारी आहे. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर संपते तशा या अँटिबॉडी दोन-तीन आठवड्यांत संपतात, बलकातल्या तर त्याहूनही लवकर. लस शरीराला लढायला शिकवते, हे इंजेक्शन काहीच शिकवत नाही. शिवाय अंगात अँटिबॉडी असताना जिवंत लस (म्हणजे कमजोर केलेला विषाणू) टोचली तर अँटिबॉडी त्या लसीलाच मारून टाकतात. म्हणून दोन्ही एकदम द्यायचा हट्ट धरू नका.

पिल्लू मान टाकून बसलं, पांढरट पातळ हगवण लागली, डोळ्यांच्या कडा सुजल्या की उशीर झालाच म्हणायचा. जे पिल्लू अजून खातंय, त्याला इंजेक्शनचा उपयोग होतो. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. काही पिल्लं जगतात, पण त्यांच्या मानेवरची लव झडते आणि पोटात पाणी होऊन ती ताठ उभी राहतात. मेलेलं पिल्लू फेकू नका. पिशवीत घालून थंड ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पोट उघडलं की आतड्यातली घट्ट गुठळी डॉक्टरांना बरंच सांगते.

खरं सांगायचं तर मिरग लागल्यावर आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत पार्वोआधी आम्ही खाद्य तपासतो. कोकणातल्या दमटपणात शेंगदाणा पेंडीला आणि मक्याला बुरशी धरते आणि तिचं विष हंसाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा फार लवकर बाधतं. वास आलेलं खाद्य परड्यात टाका, पण पिल्लांच्या वाटेला येऊ देऊ नका. पाय वाकडे होत असतील तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतंय का पाहा. हंसाला ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं. या दोन्हींवर अँटिबॉडीचा काडीचाही उपयोग नाही.

बाहेरची अंडी आम्ही आता उबवून देत नाही. लोक रागावतात, पण रोगातून उठलेली मादी विषाणू अंड्यातून देऊ शकते आणि एका अंड्यापायी अख्ख्या मशीनमधली पिल्लं जातात. हा विषाणू चिवट आहे, साबणाच्या पाण्याला दाद देत नाही. मांगर, म्हणजे पिल्लांची शेड, आधी खरवडून काढा, मगच ब्लीचिंगचं पाणी मारा. नवी-जुनी पिल्लं महिनाभर एकत्र ठेवू नका.

पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन आम्ही देत नाही. दिलं असेल तर तारीख पावतीवर लिहितो. लाइट तासन्‌तास गेली असेल तर फ्रिजमधली बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

दुपारी एक ते चार हॅचरी बंद असते. पिल्लं मरायला लागली असतील तर तेव्हाही फोन करा, नंबर पावतीवर आहे.