चित्रपट व माहितीपटांद्वारे इंग्रजी अध्यापन

चित्रपट, माहितीपट किंवा त्यांतील निवडक भाग वर्गात दाखवून इंग्रजीचे श्रवण, संभाषण व लेखन यांचा सराव करून घेण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावली जाते. ही पद्धत प्रामुख्याने इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी वापरतात. केवळ करमणुकीसाठी दाखविलेला चित्रपट तीत मोडत नाही. पाहण्यापूर्वी, पाहताना आणि पाहिल्यानंतर विद्यार्थ्याला काही भाषिक काम दिलेले असणे अपेक्षित असते.

प्रक्षेपकावर फिरणारी फिल्म मध्येच थांबवून मागे नेणे वर्गात सोयीचे नव्हते. ही अडचण १९७० नंतर व्हिडिओ कॅसेटमुळे दूर झाली आणि तेव्हापासूनच या पद्धतीला खरे रूप आले. त्याच सुमारास दूरचित्रवाणीवरूनही इंग्रजीचे पाठ सुरू झाले. बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका १९८२ पासून चीनमध्ये अतिशय लोकप्रिय ठरली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले, त्यातील काही कार्यक्रम पुणे विद्यापीठातील केंद्रात तयार होत. हे कार्यक्रम निरनिराळ्या विषयांचे होते आणि बहुतांशी इंग्रजीत असत, त्यामुळे भाषेचा सराव हा त्यांचा आनुषंगिक लाभच म्हणावा लागेल. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली, तेव्हा बोलली जाणारी इंग्रजी मुलांच्या कानावर कशी घालावी हा प्रश्न मराठी शाळांपुढेही आला.

या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ उच्चारांच्या बाबतीत दिसते. मराठी माध्यमातील विद्यार्थी ‘व्हॉट आर यू डुइंग’ हे वाक्य सुट्या चार शब्दांचे म्हणून शिकतो. पडद्यावरचे पात्र मात्र ते ‘वॉच्या डुइन’ असे एका दमात म्हणून मोकळे होते. मराठीत प्रत्येक अक्षर जवळजवळ पूर्ण उच्चारले जाते, तर इंग्रजीत आघात नसलेली अक्षरे आखडतात. हा फरक पाठ्यपुस्तकातून सांगता येतो, पण कानाला लावता येत नाही. असा दोन-तीन मिनिटांचा तुकडा शिक्षक प्रथम आवाज बंद करून दाखवतो, पात्रे काय बोलत असतील याचा विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतो, मग आवाजासह दाखवून ते अंदाज ताडून पाहायला लावतो. शेवटी तेच संवाद जोडीजोडीने म्हणवून घेतले जातात. संपूर्ण चित्रपट सलग दाखविण्यापेक्षा हा प्रकार कितीतरी फलदायी आहे, कारण दोन तासांच्या प्रवाहात विद्यार्थी कथेच्या मागे जातो आणि भाषा निसटते.

नवशिक्यांसाठी माहितीपट अधिक सोयीचा ठरतो, तरी त्याची उपेक्षाच अधिक होते. त्यात बहुधा एकाच निवेदकाचा स्पष्ट आवाज असतो, वाक्ये पूर्ण असतात आणि ज्या वस्तूचे नाव घेतले जाते ती अनेकदा त्याच क्षणी समोर दिसते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनेक माहितीपट इंग्रजीप्रमाणेच भारतीय भाषांतही निघत. अशा माहितीपटाची मराठी आवृत्ती आधी आणि इंग्रजी नंतर दाखविल्यास आशयाचे ओझे उतरते व लक्ष भाषेवर राहते.

उपशीर्षकांविषयी, म्हणजे पडद्यावर खाली उमटणाऱ्या संवादांच्या मजकुराविषयी (सबटायटल्स), मतभेद आहेत. मातृभाषेतील उपशीर्षके आशय पोहोचवतात, पण डोळे वाचनात गुंतल्याने कान सुस्तावतो; भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट वँडरप्लँक यांच्या १९८८ मधील लेखनापासून इंग्रजी संवादांना इंग्रजीच उपशीर्षके देण्याकडे कल वाढला. वेब आणि रॉजर्स या संशोधकांनी २००९ मध्ये ३१८ चित्रपटांच्या संहिता तपासल्या, तेव्हा सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे वाटण्यासाठी विशेषनामांखेरीज ३,००० शब्दकुले (मूळ शब्द व त्यापासून बनणारी रूपे मिळून एक कुल) यावी लागतात असे आढळले. शालेय विद्यार्थ्याची शब्दसंपत्ती सहसा याहून बरीच कमी असल्याने निवडलेल्या तुकड्यातील अनोळखी शब्द आधी फळ्यावर घेणे अपरिहार्य ठरते.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, शैक्षणिक संस्थेने आपल्या कामकाजाचा भाग म्हणून कर्मचारी, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरता चित्रपट दाखविल्यास प्रताधिकाराचा भंग होत नाही. बाहेरच्यांसाठी तिकीट लावून केलेल्या खेळाला ही सवलत लागू नाही.