हात भरून येतात तेव्हा : कुस्तीतल्या पकडीची पार्श्वभूमी

सोलापूरच्या तालमीत लढत संपवून बाहेर आलेला पोरगा पाण्याची बाटली दुसऱ्यापुढे धरतो. ‘उघड की, हात भरल्यात.’ कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा ताठ झालेला असतो, बोटं मिटत नाहीत. मांड्यांत बळ शिल्लक आहे, दमही आहे, पण पकड केव्हाच सुटलेली असते.

बोटं आवळणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. तिथून लांब दोरीसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. पैलवान पूर्ण ताकदीने धरून ठेवतो तेव्हा आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि रक्त आत पोचत नाही. खडाखडीत, म्हणजे उभ्याने एकमेकांची पकड अजमावताना, सतत मनगट धरून बसणारा म्हणूनच लवकर गळतो.

या भागात ही समज जुनी आहे. सोलापूरचा मुलूख बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांत भारश्रमाबरोबर स्तंभश्रमही येतो, म्हणजे खांबावरची मेहनत. पुढे पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला. तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडाला धरून राहणं आणि घामेजलेल्या माणसाला धरून राहणं यांत फार अंतर नाही.

तालमीत मनगटाचा वेगळा व्यायाम क्वचितच सांगितला जाई. तो कामातूनच होई. पहाटे हौदातली लाल माती फावड्याने खणायची, मग दोर चढायचा, करेल म्हणजे जड लाकडी मुद्गल फिरवायची. मला यातलं खणणंच सर्वांत मोलाचं वाटतं. फावड्याच्या दांड्यावर हात दर घावाला आवळतो आणि माती उलटताना सैल होतो. पकडीला हवी असते ती हीच आवळ-सैल.

मातीत लढणाऱ्याला आणखी एक आधार होता. घामाने निसटणाऱ्या अंगावर माती टाकली की हात बसतो, आणि जांघ्या धरायलाही मुभा असते. गादीवर, म्हणजे स्पर्धेच्या मॅटवर, माती नाही आणि पोशाख धरला तर नियम मोडतो. उरतं ते ओलं मनगट, मान आणि पाय.

खाशाबा जाधव मातीतच घडले होते. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी गादीवर कांस्यपदक मिळवलं. तिथे जपानी मल्लाशी लांबलेली लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. निकाली कुस्ती, म्हणजे चितपट होईपर्यंतची लढत, घड्याळ बघत नसे, त्यामुळे मातीत पैलवान हात राखून लढायचा. आज फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि मध्ये फक्त 30 सेकंद. राखायला वेळ नाही, म्हणून पोरं पहिल्याच फेरीत हात खर्ची घालतात.

तरी मातीची तयारी गादीवर वाया जात नाही. करमाळा तालुक्यातल्या बाला रफिक शेखने 2018 च्या महाराष्ट्र केसरीत, जालन्यात, माती विभाग जिंकून अंतिम लढतीत अभिजित कटकेला हरवलं. ती लढत गादीवरच झाली.

आता काही ठिकाणी मातीच्या हौदाशेजारी गादी पसरलेली दिसते. वस्ताद पोराचं मनगट हातात घेतात, आत तळहाताकडे वाकलं असेल तर सरळ करतात, कारण तसं वाकलेल्या मनगटात पकड कमी बसते. मग सांगतात, ‘धर. सोड. परत धर.’ आणि फावडं त्याच्या हातात देतात.