खंजिरी भजन (विदर्भ)

खंजिरी भजन हा विदर्भातील, विशेषतः वऱ्हाडातील खेड्यांत रुजलेला सामुदायिक गायनाचा प्रकार. मुख्य गायक खंजिरी वाजवत पद म्हणतो, मागची मंडळी टाळ, पेटी आणि ढोलकीवर धृपद धरतात.

खंजिरी म्हणजे एका तोंडावर कातडे ताणलेले लाकडी कडे. कड्याच्या खाचांत पितळी चकत्या असतात. पावसाळ्यात कातडे ओलावा धरते, आवाज बसतो. तेव्हा भजनाआधी ती चुलीजवळ शेकून घ्यावी लागते, बोटाने ठोकून नाद पाहतात आणि मगच पहिले पद सुरू होते. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आल्यावर बकरीचे कातडे किंवा फायबरचे पान आले.

या भजनाला आजचे रूप आले ते तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८). अमरावती जिल्ह्यातील यावलीच्या गरीब घरातला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा शाळेत फारसा रमला नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला ‘तुकड्या’ हे नाव दिले. रामटेक, सालबर्डीच्या रानांत तो भटकला आणि पुढे गावोगाव मराठी-हिंदी पदे गाऊ लागला. गावसफाई, व्यसन, अस्पृश्यता हे सगळे त्यांनी भजनात आणले. देवाचे नाव घेताना गावची गटारे विसरायची नाहीत, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींकडे राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीत उठाव झाला. त्यांच्या भजनांनी लोक पेटतात हे इंग्रज सरकारला ठाऊक होते; त्यांना चंद्रपूरला अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. १९५५ मध्ये हाच आवाज जपानच्या विश्वधर्म परिषदेत पोचला. राजेंद्रप्रसादांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले. गुरुकुंज मोझरी येथे त्यांची समाधी आहे.

अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून अंधश्रद्धा, हुंडा, दारू यांवर बोलतात. २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे झाल्यावर ते पुन्हा गावोगाव फिरू लागले.

गावच्या मंडळांतले बहुतेक गायक शेतकरी आणि शेतमजूर. बिदागीवर घर चालत नाही. सोयाबीन-कापसाच्या हंगामात तालमी तुटतात, दिवसभर वेचणी करून रात्री गाणाऱ्याचा गळा बसतो. तरीही पुण्यतिथी, सप्ताह आणि भजन स्पर्धांना मंडळे निघतात, आणि महिलांची मंडळेही त्यांत असतात.