बनेटी : इंधनाची निवड

बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना कापडी बोळे बांधून, ते पेटवून फिरवायची काठी. खान्देशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) आखाड्यांच्या मिरवणुकांत ती लाठी आणि पट्ट्याच्या जोडीने दिसते. फिरवण्याचे हात 'लाठी' या नोंदीत आले आहेत. येथे विचार फक्त तेलाचा.

हिंदी कोशांत 'बनेठी' असे रूप असून त्याची फोड बन + यष्टी अशी केली जाते. 'यष्टी'चे प्राकृतात 'लट्ठि' होऊन 'लाठी' झाली, तेव्हा उत्तरपदाचा 'ठी' ध्वनिदृष्ट्या पटतो. पूर्वपद 'बन' म्हणजे वन, हे मात्र ओढूनताणून बसवल्यासारखे वाटते. मराठीत महाप्राण (ठ-मधला ह-कार) गळून 'बनेटी' झाले. शब्द उत्तरेकडील तालमींतून आला हे मत अधिक ग्राह्य आहे, आणि उत्तरेकडून येणारा बऱ्हाणपूरचा रस्ता पाहता तो खान्देशात देशावरच्या आधी रुळला असणे शक्य आहे. तेलाच्या नावांतही असाच गोंधळ आहे. 'घासलेट' हे 'गॅसलाइट'चे रूप मानतात. 'घासतेल' ही त्यावरून झालेली लोकव्युत्पत्ती असावी. गवताशी तिचा संबंध नाही. 'रॉकेल' बहुधा 'रॉक ऑइल'वरून आले.

रॉकेल येण्यापूर्वी दिवटी-मशालीला करडई, तीळ, जवस, करंज यांची तेले व सातपुड्याच्या बाजूला मोहाच्या बियांचे तेल वापरात असावे. रॉकेलाचा प्रसार साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा धरावा. गोंधळातली दिवटी आजही बुधलीतल्या गोड्या तेलावर चालते, मग बनेटी का चालत नाही, असा प्रश्न पडतो. खाद्यतेलाची वाफ पेट घ्यायला सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमान लागते. संथ धरलेल्या दिवटीत ज्योतच काकड्याला तेवढे तापवत राहते. दीड मीटर लांबीची बनेटी सेकंदाला दोन फेरे घेते तेव्हा बोळ्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो. त्या वाऱ्याने तेल निवते, ज्योत विझते आणि गरम थेंब मात्र उडत राहतात.

इंधन निवडताना पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ साचते ते तापमान. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ मधील वर्गवारी यावरच आहे : २३ अंशांखाली 'अ', २३ ते ६५ 'ब', ६५ ते ९३ 'क'. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास, म्हणून ते 'अ' वर्गात व बनेटीसाठी पूर्ण वर्ज्य. रॉकेल 'ब' वर्गात. भारतीय मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो.

खान्देशात नेमकी येथेच चूक होते. थंड प्रदेशांतील पुस्तके रॉकेलला 'सहज न भडकणारे' म्हणतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतले तापमानच ४२-४५ अंशांवर जाते, आणि उन्हात ठेवलेली पत्र्याची बादली त्याहून तापते. अशा बादलीवर पेट घेण्याइतकी वाफ आधीच जमलेली असते. 'पेटती काडी बुडवली तर विझते' ही जुनी पारख जानेवारीत खरी ठरते. तीच मेच्या दुपारी केली तर बादली पेटते. म्हणून उन्हाळ्यात बोळे सूर्यास्तानंतरच भिजवावेत. डबा झाकणाचा व सावलीत ठेवलेला असावा आणि पेटवण्याच्या जागेपासून निदान दहा पावले दूर असावा.

हिवाळ्यात खोड वेगळी. गार रॉकेल पटकन पेट घेत नाही म्हणून त्यात 'थोडे' पेट्रोल घालतात. पाच टक्के पेट्रोलही मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट कितीतरी खाली आणते, आणि पहिला भडका पेटवणाऱ्याच्या हातावर येतो. संशय असल्यास वर्तमानपत्रावर एक थेंब टाकावा : पेट्रोल थोड्याच वेळात उडून जाते, रॉकेलाचा तेलकट डाग बराच वेळ राहतो. त्यापेक्षा काडी बोळ्याच्या खालच्या कडेला जरा जास्त वेळ धरणे सोपे.

डिझेल जड पडते, उशिरा पेटते, काजळी व वास फार. स्पिरिटची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही, आणि फ्लॅश पॉइंट २० अंशांच्या खाली. थिनर, टर्पेंटाइन यांचा विचारही नको. परदेशी माहितीत 'पॅराफिन' लिहिलेले असते ते ब्रिटिश वळणाचे रॉकेलच. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन हे घट्ट रेचक तेल आहे आणि त्यावर बनेटी नीट पेटत नाही. रेशनचे निळे रॉकेल स्वयंपाक व दिव्यापुरते असते, इतर वापराला कायद्याने मनाई आहे. खुल्या बाजारातले पांढरे घ्यावे.

बोळा सुती हवा : जुने धोतर किंवा गोणपाट घट्ट गुंडाळून वर लोखंडी तारेचे वेढे. टेरिकॉट वितळून ठिबकते. मुठीएवढा बोळा ६० ते १०० मिलिलिटर तेल पितो. पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवणे पुरे. त्यानंतरचे निथळणे सर्वांत महत्त्वाचे, आणि घाईत तेच राहते. वर सांगितलेल्या वेगाला बोळ्यातल्या तेलावर गुरुत्वाच्या सुमारे बारापट ओढ येते, म्हणून मोकळे तेल पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पेटत्या थेंबांनी प्रेक्षकांवर उडते. बोळा डब्याच्या काठावर दाबून पिळावा, मग न पेटवता मोकळ्या जागी आठ-दहा जोरकस फेरे घ्यावेत. सांडलेल्या तेलावर माती टाकून जागा बदलावी.

पिळलेला बोळा दोन ते चार मिनिटे जळतो. ज्योत आखडून पिवळी-लाल झाली की तेल संपत आले, आता कापड जळू लागेल, हे ओळखून ओल्या गोणपाटात गुंडाळून विझवावे. विझलेला बोळा गरम असताना पुन्हा तेलात बुडवू नये. दुसरी बनेटी तयार ठेवावी. केव्हलारची (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याची) पट्टी या बाबतीत कापडापेक्षा बरी, ती अनेक वेळा चालते. पण भिजवणे-निथळणे तसेच.

तोंडात रॉकेल घेऊन फवारा मारणे हा बनेटीचा भाग नव्हे. रॉकेल फुप्फुसात गेल्यास तीव्र दाह होतो. अशा वेळी उलटी करवू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.